आतल्या खोलीतली हवा

आचरे,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. कणकवलीला थोरल्या वैनीचा लवू गाडी घेऊन आला होता. वैनीचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय, पण कुशीवर वळायचं तरी दोन माणसं लागतात. लवू दिवसभर दुकानात, त्याच्या बायकोच्या, मनालीच्या पदरात दोन लहान मुलं. जाऊ म्हणून मी नाही आले तर कोण येणार? दिवाळी इथेच होईल असं दिसतं.

फोनचं मात्र जमत नाही. लवू लावून देतो, पण कानातल्या यंत्रातून नुसती घरघर येते. मी "काय? काय?" करत बसते, मग तोच फोन घेतो, बराच वेळ बोलतो आणि मला सांगतो, "सगळा बरा आसा, काकी." सौरभ तिकडून एवढं बोलला आणि माझ्यापर्यंत एवढंच आलं. म्हणून पत्र लिहितेय. तूही पत्रच लिही. मोबाइलवर पाठवलंस तर लवूच्या फोनवर येणार आणि माझ्याआधी सगळं घर वाचणार.

तुझ्या सासऱ्यांचा खोकला कसा आहे? मी निघाले तेव्हा खाली उतरले नाहीत, वरूनच हात केला. सौरभने उन्हाळ्यात एसी बसवून दिल्यापासून झोप लागते म्हणतात, पण सकाळी उठले की खोकणं सुरू. एसी फार गार करू देऊ नकोस. मिलमध्ये कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते तेव्हाचा कापूस छातीत बसलाय, त्याला गारवा सोसत नाही.

आता माझं एक काम. आतल्या खोलीच्या ग्रिलमध्ये माझी कबुतरं येतात, त्यांना सकाळी मूठभर ज्वारी घालत जा. तुला त्यांची घाण वाटते, मला माहीत आहे. पण माझे कान गेले तेव्हापासून घरात माझ्याशी कोण किती बोलतं? दोष देत नाही गं, ओरडून ओरडून माणूस दमतं. ती आली की काचेवर सावली पडते, मला कळतं. त्यांना माझ्याशी काही बोलावं लागत नाही. एसीचं बाहेरचं युनिट आहे ना, त्याच्यामागे एकीने घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत सर्व्हिसिंगवाल्याला हात लावू देऊ नकोस.

मी बरी आहे. वाडीत वर चढताना धाप लागते, मध्ये बसावं लागतं. वय झालं, दुसरं काय.

तुझी,
आई


घाटकोपर,
२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आई यांस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. माझ्या ऑफिसचं काम आणि दिवाळी, दोन्ही एकदम आलं.

इथे सगळं ठीक आहे. यंदा फराळ बाहेरून आणला. चकल्या कडक होत्या, सौरभ म्हणाला आईच्या हातच्या नाहीत. कंदील लावला. भाऊंचा खोकला थोडा वाढला होता म्हणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्यात आणि विश्रांती घ्यायला सांगितलंय. तुम्ही काळजी करू नका.

समोरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. रोज पाडापाडी, दिवसभर धूळ. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की पांढरं होतं. त्यामुळे आतल्या खोलीची खिडकी आम्ही बंदच ठेवत होतो आणि भाऊंसाठी एसी दिवसाही चालू. पण भाऊ एकदा म्हणाले, "गार वाटतं गं, पण पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटत नाही." म्हणून आता एसीची सगळी साफसफाई करून घेतोय. हवा स्वच्छ करायचं एक मशीनही सौरभ बघतोय.

कबुतरांची काळजी नको. पिल्लं उडाली.

वैनींना माझा नमस्कार. तुम्ही तिकडे दगदग करू नका.

आपली,
अस्मिता


आचरे,
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अस्मितास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तू चांगलं लिहितेस, पण तुझ्या पत्रात माणसं दिसत नाहीत. कंदील लावला म्हणतेस, तो कोणी लावला? दरवर्षी हे स्टुलावर चढतात आणि मी खालून स्टूल धरते. ह्यांच्या हातची एक ओळसुद्धा त्यात नाही. पाच ओळी लिहायला काय झालं?

परवा खालच्या मजल्यावरची प्रियंका इथे रामेश्वराच्या दर्शनाला आली होती. मला बघून धावत आली, पाया पडली. तिला एकेक शब्द तोंड मोठं करून सांगावा लागला, पण पोरीने सांगितलं. आपल्या आतल्या खोलीला जाळी ठोकली आहे. ग्रिल धुऊन पुसून रंगवलं. पाखरू बसायला जागा नाही. माझी ताटली, कुंड्या, बसायचा पाट, सगळं गेलं. ती बिचारी सहज बोलून गेली, "काकी, तुमचं घर कसलं झकास केलंय!"

अस्मिता, मला विचारायचं तरी. नको होती ती पाखरं तर तोंडावर सांगायचं होतं. मी इकडे कोणाचं आजारपण काढतेय आणि तिकडे तुम्ही माझी जागा धुऊन काढलीत. आणि वर लिहितेस, काळजी नको.

इथे माझं बरं चाललंय. धाप पार गेली. आता देवळापर्यंत न बसता जाते. घाटकोपरच्या घरात मी उगाच म्हातारी झाले होते असं वाटतं.

आई


घाटकोपर,
४ डिसेंबर २०२४

ती. सौ. आई यांस,
सा. न.

तुम्हाला वाईट वाटलं, त्याबद्दल माफ करा. सांगायला हवं होतं. सोसायटीने सगळ्यांना पत्र दिलं होतं, कबुतरांना खाणं घालायचं नाही आणि ग्रिलला जाळी लावायची. मुदत कमी होती म्हणून घाईत करावं लागलं. तुमची ताटली मी घासून वर ठेवली आहे. कुंड्या प्रियंकाच्या आईकडे आहेत.

भाऊंचा हात जरा थरथरतो, गोळ्यांमुळे. म्हणून त्यांनी लिहिलं नाही. तुमची आठवण काढतात.

थंडी पडली आहे. यंदा घाटकोपरला सकाळी धुरकट असतं, समोरचा रस्तासुद्धा नीट दिसत नाही. तुम्ही आहात तिथेच बऱ्या आहात. खरंच सांगते, इतक्यात यायची घाई करू नका.

आपली,
अस्मिता


आचरे,
२३ डिसेंबर २०२४

चि. अस्मितास,

यायची घाई करू नका, हे कळलं. शिमग्यापर्यंत राहीन. त्यापुढेही वैनीला माझी गरज लागेलसं दिसतंय. सोसायटीचं पत्र मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल बोलत नाही.

लवूच्या माळ्यावर पुष्कळ पारवे आहेत. त्यांच्यासाठी मी माळा झाडून घेतला. आता रोज शिडी चढून वर जाते, दाणे घालते आणि थोडा वेळ तिथेच बसते. त्यांना तरी मी नको झालेली नाही. चढताना परत थोडी धाप लागायला लागली आहे, संध्याकाळी अंग कसकसतं. थंडीचं असेल.

ह्यांना सांग, त्यांचा हात थरथरत असला तरी मला वाचता येतं.

आई


घाटकोपर,
३० डिसेंबर २०२४

ती. सौ. आई यांस,
सा. न.

हे पत्र मी भाऊंना आणि सौरभला न सांगता लिहितेय. फोनवर लवूभाऊजींना सांगितलं तर तुमच्यापर्यंत अर्धंच येईल, म्हणून पत्र. आई, सगळ्यात आधी हे: त्या माळ्यावर परत जाऊ नका. एकदाही नाही. आता पुढचं वाचा.

सोसायटीने कसलंही पत्र दिलं नव्हतं. ते मी रचलं.

तुम्ही गावी गेलात त्यानंतर आठवडाभरात भाऊ बाथरूममधून बाहेर येताना भिंतीला धरून खाली बसले. ओठ निळे पडले होते. मी एकटी घरात. प्रियंकाच्या वडिलांना हाक मारली, खुर्चीत बसवून खाली नेलं, रिक्षातून हॉस्पिटल. ऑक्सिजन लावावा लागला. तुम्हाला दिवाळीचं पत्र लिहिलं ते मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिलं. कंदील लागलाच नव्हता.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात पक्षी आहेत का? कबुतरं?"

भाऊ मास्कच्या आतून म्हणाले, "नाही."

"खिडकीत येतात?"

"नाही."

सौरभ त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी मी म्हणाले, "येतात. रोज. एसीच्या मागे घरटं आहे." भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, आई, की जसं मी त्यांचं काही चोरून नेलंय.

रक्त तपासलं, त्यातही तेच निघालं. कबुतरांची विष्ठा वाळते, तिची आणि पिसांची बारीक भुकटी हवेत मिसळते. सगळ्यांना त्रास होत नाही. पण काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. आत सूज येते आणि वर्षानुवर्षं येत राहिली की ती जागा चिवट होऊन जाते, मग तिथून श्वास जात नाही. भाऊंचं बरंचसं तसं झालंय. मी डॉक्टरांना मिलचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कापसाचं किती आणि कबुतरांचं किती, ते आता कोणी वेगळं करून देऊ शकत नाही. पण कापूस बंद होऊन जमाना झाला. हे चालू आहे."

मग सौरभने विचारलं, "पण आम्ही तर खिडक्या बंद ठेवत होतो. एसी लावत होतो." त्या म्हणाल्या, "एसी हवा गार करतो, बदलत नाही. जी आत आहे तीच फिरवतो."

त्याच दिवशी सौरभ घरी आला आणि माणूस बोलावून एसी उघडून घेतला. भिंतीत नळीसाठी पाडलेलं भोक नीट बुजवलेलंच नव्हतं, घरट्याच्या बरोबर मागे. आतल्या पंख्यावर राखाडी थर, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा, आणि त्यात बारीक पिसं. भाऊ त्याच्याच खाली डोकं करून झोपायचे. सौरभ जमिनीवर बसला. "मी त्यांना बरं वाटावं म्हणून लावला ना गं," एवढंच म्हणत होता. त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

म्हणून जाळी. म्हणून ग्रिल ओलं करून खरवडून काढलं आणि रंगवलं. गाद्या, उशा, पडदे टाकून दिले. बाहेरचं युनिट स्वयंपाकघराच्या भिंतीला हलवलं, भोकं बुजवली. आतलं युनिट उतरवून धुतलं, आता त्याची जाळी मी दर रविवारी धुते. हवा गाळणारं मशीन भाऊंच्या पलंगाशी ठेवलंय. बाहेरची हवा गाळून आत घेणारा एक लहान पंखाही मागच्या गल्लीच्या बाजूला बसवलाय, नाहीतर खोली कोंदते. उदबत्ती बंद. देवासमोर नुसती फुलं ठेवतो. एवढं केल्यावर भाऊंचा खोकला उतरला. पण श्वास परत आलेला नाही. घरात चालतात, जिना नाही. रात्री ऑक्सिजन लागतो.

हॉस्पिटलमधून येताना त्यांनी आम्हा दोघांकडून शब्द घेतला. "हिला कळता कामा नये. कळलं तर ती जेवायची नाही." मी मान हलवली, प्रियंकाच्या घरीही तसंच सांगून ठेवलं. तुम्ही माझ्यावर रागावलात, मला वाटलं रागावू देत, हे कळण्यापेक्षा ते बरं.

पण तुमची धाप गावी गेल्यावर गेली आणि माळ्यावर जायला लागलात तशी परत आली, हे वाचल्यावर मला गप्प बसता येईना. आई, तुम्हालाही तेच असू शकतं. लवूभाऊजींना सांगून कुडाळला छातीचा स्कॅन करून घ्या. लगेच. बाकीचं मला काय बोलायचं ते नंतर बोला.

अस्मिता


आचरे,
२ फेब्रुवारी २०२५

अहो,

हे पत्र तुम्हालाच आहे. सौरभला वाचून दाखवायला सांगू नका. चष्मा लावा आणि स्वतः वाचा.

अस्मिताने मला सगळं लिहिलं. तिला एक शब्द बोलायचा नाही. तिने तुमचा शब्द मोडला म्हणून मी कुडाळला जाऊन आले. लवूने नेलं. स्कॅन काढला, रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले थोडी सूज आहे, लवकर आलात, पाखरांपासून लांब राहिलात तर उतरेल. गोळ्या चालू केल्यात आणि लवूने माळ्याचं दार खिळे मारून बंद केलं. म्हणजे माझं सुटेल. तुमचं सुटणार नाही.

तुम्ही म्हणालात ती जेवायची नाही. जेवले मी. पत्र वाचलं, वैनीला भरवायची वेळ झाली होती, तिला भरवलं आणि मग पान घेऊन बसले. भात गिळवत नव्हता, तरी गिळला. मला एवढीही ओळखली नाहीत?

एवढ्या दिवसांत मी पुष्कळ पत्रं लिहिली आणि फाडली. काहींत मी स्वतःला शिव्या दिल्या. ते आता लिहीत नाही. माझ्या हातांनी दाणे घातले, माझ्या हातांनी रोज ती खिडकी उघडली, हे मला माहीत आहे आणि मरेपर्यंत माहीत राहील. कोणी माझी समजूत काढायची नाही. मिलचा कापूस मला पुढे करू नका. "तुझी चूक नाही" असं तुम्ही म्हणायचं नाही आणि सौरभनेही नाही. मला जाणूनबुजून काही करायचं नव्हतं, हे मला कळतं. तेवढं पुरे आहे.

पण दुसरी गोष्ट मला सोसत नाही. तुम्ही हॉस्पिटलात होतात. नाकाला नळी लावून होतात. आणि मी इथे पडवीत बसून ग्रिलला जाळी का लावली म्हणून रुसत होते. लग्न झाल्यापासून आपण कशात वेगळे नव्हतो. मिल बंद पडली तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत, आईंना नंतर. सौरभच्या वेळी अडलं होतं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही मला सांगितलंत. मग कान गेले. आधी तुम्ही लोकांनी गप्पा सोडल्या, मग बातम्या सोडल्या, आता हे. ऐकू येत नाही म्हणजे सोसतही नाही, असं कोणी ठरवलं?

वैनीला मी सांगितलं. ती पडल्या पडल्या म्हणाली, "मगे हंय कित्याक बसलंस? जा." तिच्यासाठी मनालीची आई यायला तयार झाली आहे. वैनी आता काठी घेऊन दारापर्यंत जाते.

मी येतेय. सूज उतरली की डॉक्टर पाठवतील, फेब्रुवारीच्या शेवटी. पण आधी तुमचं पत्र येऊ दे. तुम्ही मला बोलावलंत तर येईन. अस्मिताने नाही, तुम्ही.

मालन


घाटकोपर,
१० फेब्रुवारी २०२५

मालन,

ये.

अक्षर वाईट आहे. लिहिताना थांबावं लागतं.

तू विचारलंस कोणी ठरवलं. मी ठरवलं. तुझी खोटी समजूत काढत नाही, तू नको म्हणालीस. फक्त माझं सांगतो. खिडकी उघडली की मला खोकला येतो हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधी. पण पलंगावरून मला तू दिसायचीस. पाखरं आली की हसायचीस. कान गेल्यापासून तुला हसताना मी तेवढंच बघत होतो. माझ्या छातीपायी तेही बंद व्हावं असं मला वाटेना. मला वाटलं छाती आहे तोवर चालेल.

तुला सांगायला हवं होतं. तू खिडकी तेव्हाच बंद केली असतीस. मग तुला काय राहिलं असतं, हे मी धरून बसलो. तुला मीही होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

खोली आता वेगळी वाटेल. मशीनवर दिवा आहे, हवा चांगली असली की हिरवा असतो. घराला वास नाही. ना उदबत्तीचा, ना कशाचा. मला करमत नाही.

सौरभ स्टेशनवर येईल. त्याला काही बोलू नकोस. त्याने एसीचं फार मनाला लावून घेतलंय.

ये.

भाऊ


घाटकोपर,
६ जुलै २०२५

थोरल्या वैनीस,
मालनचा नमस्कार.

काठी सुटली हे लवूच्या पत्रातून कळलं. फार बरं वाटलं. आवाठात शेजारीपाजारी एकटी फिरू नकोस, पावसात शेवाळ असतं. मनालीच्या आईने तुझं केलं ते मी विसरणार नाही.

इकडचं तुला सगळं लिहीन म्हणाले होते, ते राहूनच गेलं. मी आले तेव्हा पहिले चार दिवस आम्ही दोघं बोललोच नाही. हे पलंगावर, मी खुर्चीवर. मी मशीनकडे बघत बसायचे. मग एके सकाळी ह्यांनी हाताने खूण केली, जवळ ये म्हणून, आणि तोंड मोठं करून म्हणाले, "भांड तरी." मी भांडले गं. खूप भांडले. शेजारी गोळा झाले असतील. भांडून झाल्यावर ह्यांना धाप लागली आणि मला रडू आलं, मग अस्मिताने दोघांना चहा करून दिला.

आता दिवसाची घडी बसलीय. सकाळी ओल्या फडक्याने खोली पुसते. झाडू मारत नाही, धूळ उडते. एसी थोडा वेळच लावतो. त्याची जाळी धुणं मी अस्मिताकडून काढून घेतलं. ती ऑफिसला जाते, तिला कशाला? पावसाने खोली दमट झाली की एसीचंच एक बटण आहे, त्याने हवा कोरडी होते, बुरशी धरत नाही. ते सौरभने मला शिकवलं, कागदावर चित्र काढून. एकदा शिकवून झालं आणि तिथेच उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

खिडकीत पाखरं येतात अजून. जाळीबाहेर फिरतात, कुठे बसायचं ते शोधतात. मी बघते. काच उघडत नाही. तुझ्याशी खोटं बोलत नाही वैनी, आत तुटतं.

गेल्या मंगळवारी ह्यांना तपासायला नेलं. नवा स्कॅन होता. आम्ही चौघंही गेलो. डॉक्टरीणबाई तोंडाला मास्क लावून बोलतात, मला ओठ दिसत नाहीत. त्या बराच वेळ बोलल्या. मी बाकीच्यांच्या तोंडांकडे बघत होते. सौरभने मान खाली घातली. ह्यांनी अस्मिताकडे बघितलं आणि डोळ्यांनीच तिला नको म्हणाले. मला दिसलं ते.

अस्मितालाही दिसलं. तिने पर्समधून पेन काढलं, फाइलमधला एक कोरा कागद घेतला आणि तिथेच, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, लिहायला लागली. त्या बोलायच्या थांबल्या आणि तिचं लिहून होईपर्यंत थांबून राहिल्या. सौरभ तिच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला, पण ती थांबली नाही. कागद तिने माझ्या हातात दिला.

मला माझा आवाज कळत नाही, तुला माहीत आहे. मी तो मोठ्याने वाचला. बाहेर बाकांवर बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल. लिहिलं होतं, "फुप्फुसं सुधारणार नाहीत. घरातली हवा सांभाळलीत म्हणून आजार हळू चाललाय, नाहीतर हे आधीच झालं असतं. वर्षभर मिळेल, थोडं जास्तही. आता दिवसासुद्धा ऑक्सिजन लावायचा. ज्यांना भेटायचं असेल त्यांना भेटून घ्या." शेवटी तिने आपल्या मनाने एक ओळ घातली होती, "आई, डॉक्टर एवढंच म्हणाल्या. मी काही गाळलेलं नाही." तीही मी वाचली.

वाचून झालं. ह्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, स्वतः वाचायला कागद मागतायत. म्हणून मी कागद दिला.

तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि हात परत पुढे केला.

मालन